हिनाता की साकुरा

"दादा, पेनसमोर एकटी कोण उतरली ते सांग आधी, मग बाकीचं बोलू." हे मी माझ्या सख्ख्या भावाला किती वेळा ऐकवलंय याची गणतीच नाही, आणि त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं, "आणि शेवटच्या युद्धात त्याचं हृदय बंद पडत होतं तेव्हा ते हातात धरून चालू ठेवणारी कोण होती गं?" मग ताटातली आमटी गार होईपर्यंत आमचं चालायचं आणि आई म्हणायची, त्या पोराचं लग्न तुम्ही दोघांनी लावायचंय का, जेवा आता गुपचूप.

पोर म्हणजे नारुटो, एका जपानी चित्रकथेचा हीरो, आणि पेन म्हणजे त्याच्या गावावर चाल करून आलेला शत्रू. मासाशी किशिमोतोंची ही मांगा, म्हणजे चित्रकथा, १९९९ च्या सप्टेंबरात जपानच्या साप्ताहिक शोनेन जंपमध्ये सुरू झाली आणि २०१४ च्या नोव्हेंबरात संपली, ७०० चॅप्टर, ७२ खंड. तिच्यावरच्या अ‍ॅनिमेचे, म्हणजे कार्टून मालिकेचे, पहिले २२० भाग, नंतर शिप्पुदेन नावाच्या पुढच्या मालिकेचे ५००. निन्जा योद्ध्यांच्या गावाने वाळीत टाकलेला अनाथ मुलगा, पोटात कोल्ह्याच्या रूपातला राक्षस कोंडलेला, आणि एकच ध्यास की गावाने आपल्याला माणूस म्हणून ओळखावं, एक दिवस गावाचा प्रमुख म्हणजे होकागे व्हावं. ज्यांनी बघितलंय त्यांना मी काय सांगू, आणि ज्यांनी नाही बघितलं त्यांनी एवढंच लक्षात ठेवा की हा मुलगा लहानपणी संध्याकाळी झोक्यावर एकटा बसलेला असतो आणि बाकीच्यांना न्यायला त्यांचे आईवडील आलेले असतात. पुढचा सगळा वाद त्या झोक्यापासून सुरू होतो असं माझं मत आहे.

आमच्याकडे हे सगळं साताऱ्याच्या घरात, हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर घडलं. दादा पुण्याला इंजिनिअरिंगला होता, हॉस्टेलवर कोणीतरी सगळे भाग भरून ठेवलेले, शनिवारी रात्री तो एसटीने यायचा तेव्हा बॅगेत मळके कपडे आणि एक हार्ड डिस्क. मी अकरावीत. जपानी आवाज, खाली इंग्रजी सबटायटल, आणि मधेच लाइट गेली की आम्ही अंधारात बसून पुढे काय होणार यावर बोलायचो, तिथेच ह्या भांडणाचा पाया पडला. तो पहिल्या दिवसापासून साकुराचा, मी हिनाताची, म्हणजे नारुटोची जोडी त्याच्याच टीममधल्या साकुराशी जमावी की गावातल्या त्या लाजऱ्या हिनाताशी, एवढाच वाद.

दादाची बाजू मी आधी सांगते, कारण इतक्या वर्षांत मला ती त्याच्यापेक्षा जास्त पाठ झालीये आणि ती अजिबात कच्ची नाहीये. पहिल्याच चॅप्टरांमध्ये एक बाकावरचा सीन आहे, नारुटो आपल्याच टीममधल्या सासुकेचं रूप घेऊन साकुराजवळ बसतो, ती बोलता बोलता म्हणते की मला फक्त सासुकेने स्वीकारावं, माझी दखल घ्यावी. आणि नारुटोला तिथे कळतं की आपल्याला ही का आवडते, कारण हिलाही तेच हवंय जे आपल्याला हवंय. दादा म्हणायचा हे साधं वरवरचं आवडणं नाहीये, लेखकाने कारण लिहून दिलंय. शिवाय साकुरा बदलत जाते. सुरुवातीला त्याला त्रासदायक म्हणणारी मुलगी पुढे त्याच्यासाठी रडते, पोटातल्या कोल्ह्याच्या चार शेपट्या फुटून तो भान हरपतो तेव्हा त्याच्याकडे धावत जाते आणि जखमी होते, पेनच्या लढाईनंतर आधी बुक्का मारते आणि मग मिठी मारून थँक्यू म्हणते. रोजचा सहवास तिचा, जखमा बांधणारी ती. आणि दादाचा हुकमाचा एक्का म्हणजे कुशिना. नारुटो जन्मला त्या रात्री मरता मरता त्याची आई त्याला सांगते की मुलगी बघायची तर तुझ्या आईसारखी बघ. आता कुशिना कशी, तर तापट, मोठ्या आवाजाची, मुलांना ठोकून काढणारी. साकुराच झाली ना, असं म्हणून दादा मांडीवर थाप मारायचा.

ह्या कुशिनाच्या मुद्द्यावर मी बरेच महिने गप्प होते, उत्तरच सुचत नव्हतं. मग एकदा परत ते चॅप्टर वाचताना लक्षात आलं की कुशिना आणि मिनातो, म्हणजे नारुटोचे आईवडील, एकत्र आले कसे. ती लहान असताना तिला पळवून नेतात, ती वाटेत आपले लाल केस एकेक करून टाकत जाते, आणि अख्ख्या गावात ते केस एकट्या मिनातोला दिसतात. ज्या केसांवरून पोरं तिला टोमॅटो म्हणून चिडवायची तेच केस त्याने ओळखले. म्हणजे त्या जोडीत महत्त्वाची गोष्ट तिचा तापट स्वभाव नव्हताच, महत्त्वाचं हे की इतरांना जे दिसलं नाही ते एकाला दिसलं. स्वभावाने नारुटो स्वतःच कुशिना आहे, तोच आरडाओरडा, तीच बोलायची लकब, तेच चिडवून घेणं. मग ह्या गोष्टीतला मिनातो कोण? लांबून बघणारी, गप्प, आणि केस वेचत मागे येणारी? मी हे दादाला फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, अभ्यास कर जरा.

हिनाताबद्दल लोक म्हणतात ती नुसती बोटं एकमेकांवर टेकवून लाजते आणि बेशुद्ध पडते. अ‍ॅनिमेच्या फिलर, म्हणजे मांगात नसलेल्या भरीच्या भागांनी तिची ती प्रतिमा फार वाढवली, मान्य. पण तुम्ही चूनिन परीक्षा, म्हणजे निन्जांची वरच्या पदाची परीक्षा, नीट बघा. लेखी पेपरला ती नारुटोच्या शेजारी बसलेली असते, त्याचा पेपर कोरा, आणि ती हळूच म्हणते, माझा बघून लिही. पकडली गेली असती तर तिचा आणि तिच्या टीमचा निकाल लागला असता, तरी. नंतर हिनाताच्याच टीममधल्या किबाबरोबरच्या लढतीत नारुटो जिंकून वर येतो तेव्हा ती त्याला मलमाची छोटी डबी देते. फार छोटा सीन आहे, मिनिटभराचासुद्धा नसेल. नारुटो डबीकडे बघतो आणि विचारतो, मला का?

हा सीन चालू होता तेव्हा आई मागे गवार मोडत बसली होती. तिला जपानी कळत नव्हतं, सबटायटल वाचायची तिला कधी गरज वाटली नाही, ती फक्त चेहरे बघायची. मी तिला सांगितलं की आई, तो विचारतोय मला का देतेस. आई गवार मोडता मोडता म्हणाली, "त्याला आजवर कोणी काही दिलेलं नसणार गं, म्हणून विचारतोय." आणि परत शेंगांकडे वळली. माझ्या अंगावर काटा आला होता तेव्हा, खरं सांगते, कारण मी ते दोन वेळा बघूनही ह्या नजरेने बघितलं नव्हतं.

त्यानंतर हिनाता आणि तिचा चुलत भाऊ नेजी यांची लढत. तो तिला सांगतो माणूस बदलत नाही, माघार घे, आणि वरून नारुटो ओरडतो की असं ठरवणारा तू कोण. ती उभी राहते, हरते, रक्त ओकते. नारुटो ते रक्त मुठीत घेतो आणि नेजीसमोर शपथ घेतो की मी तुला हरवीन. आता इथेसुद्धा लोक म्हणतात तो तिचा कैवार घेतोय, प्रेम कुठाय. बरोबर आहे, नाहीये. पण ह्यानंतर अठ्ठ्याण्णवावा चॅप्टर येतो, आणि माझ्या मते हा वाद तिथेच संपायला हवा होता.

नेजीबरोबरच्या फायनलच्या दिवशी सकाळी नारुटो स्टेडियमकडे जायच्या आधी तीन नंबरच्या सरावाच्या मैदानावर जातो. तिथे ते तीन लाकडी खांब आहेत, त्यातल्या एकाला पहिल्या दिवशी त्यांच्या टीमच्या सरांनी, काकाशीने, त्याला बांधून ठेवलेलं, बाकीचे दोघं डबा खात असताना. म्हणजे लढतीला जाताना हा मुलगा आपल्या सगळ्यात लाजिरवाण्या जागेवर जाऊन उभा राहिलाय. आणि खांबामागे हिनाता आहे. तो तिच्याशी जे बोलतो ते त्याने तोपर्यंत कोणाशीच बोललेलं नाहीये, की मी नुसता आव आणतो, चुका करतो म्हणून जोर दाखवतो, आतून मला भीती वाटतेय. सासुकेसमोर हे त्याने मरून गेला तरी कबूल केलं नसतं, साकुरासमोर तर नाहीच, तिथे तर तो कायम हीरोगिरी करत असतो. आणि हिनाता त्याला खोटा धीर देत नाही. तू हरणार नाहीस, तू भारी आहेस, असलं काही नाही. ती म्हणते, तू हरलास तरी माझ्या नजरेत तू मान ताठ ठेवून हरणारा होतास, आणि पडून परत उठतोस त्यालाच मी खरी ताकद मानते. जपानीत तिथे शब्द आहे होकोरी ताकाकी शिप्पाइशा, अभिमानाने हरणारा. चॅप्टरचं नावही त्यावरूनच.

मग तो जाताना वळून म्हणतो, मला तू आधी घुमी आणि विचित्र वाटायचीस, पण तुझ्यासारखी माणसं मला खूप आवडतात. सुकी हा शब्द वापरतो तो. जपानीत सुकी म्हणजे आवडणं, ते रामेन नूडल्सलाही चालतं आणि प्रेमालाही. लेखकाने तो शब्द तिथे टाकला आणि पुढे निघून गेला, आणि आम्ही वर्षानुवर्षं त्यावर भांडत बसलो.

मला वाटतं माणसाला जोडीदार कोण शोभतो हे ठरवायचं तर त्याने भित्रेपणा कोणासमोर कबूल केला ते बघावं. शौर्य तो कोणासमोरही दाखवतो.

पेनची लढाई तर सगळ्यांना माहितीये. ४३७ वा चॅप्टर, अ‍ॅनिमेत शिप्पुदेनचा १६६ वा भाग. नारुटो जमिनीला खिळलेला, गाव उद्ध्वस्त झालेलं, आणि हिनाता मधे येऊन उभी राहते. तो ओरडतो की पळ, तू नाही जिंकू शकत, आणि ती म्हणते माहितीये, मी माझ्या मर्जीने आलीये. मी कायम रडायचे आणि आधीच हार मानायचे, तू मला बरोबर वाट दाखवलीस, तुझ्या मागे मागे चालत इथवर आले, आता तुझ्या बरोबर चालायचंय, आणि तुला वाचवताना मरायची मला भीती नाही. आणि मग ते शब्द, माझं तुझ्यावर प्रेम आहे. मी हे हॉस्टेलच्या रूमवर हेडफोन लावून बघितलं, तेव्हा मी पण पुण्याला आले होते, आणि रूममेटने विचारलं कोण गेलं घरातलं.

आता माझा राग. हे मी हिनाताची बाजू घेणारी म्हणून लिहितेय, कारण जोडी बरोबर असली तरी ती लिहिताना लेखकाने हात फार आखडता घेतलाय. एका मुलीने जीव पणाला लावून सांगितलं, आणि त्यानंतर पानांवर त्याचं उत्तर नाही. गाव परत उभं राहतं, नारुटोला लोक खांद्यावर घेतात, कथा पुढच्या संकटाकडे जाते, आणि त्या दोघांचं ह्या विषयावर एक वाक्य बोलणं दाखवलेलं नाही. ६१५ व्या चॅप्टरमध्ये, नेजी त्या दोघांना वाचवताना मेल्यावर, नारुटो खचलेला असतो आणि हिनाता त्याच्या गालावर हात ठेवून त्याला भानावर आणते आणि दोघं हात धरून उभे राहतात, तोपर्यंत मधे १७८ चॅप्टर गेलेत. दर आठवड्याला एक चॅप्टर धरा, सुट्ट्या धरा, म्हणजे वाचकाने जवळपास चार वर्षं वाट बघितली. तिथे तो म्हणतो, तू शेजारी आहेस म्हणून थँक्यू. बस. दादा जेव्हा म्हणायचा की ह्यांचं नातं कागदावर दिसतच नाही, तेव्हा मी तावातावाने भांडायचे पण रात्री अंथरुणात पडल्यावर वाटायचं की ह्याचं खोटं नाहीये. साकुराला प्रत्येक लढाईत जागा मिळाली कारण ती टीममध्ये होती. हिनाताला जागा मिळायची तर कोणीतरी मरायला लागायचं, कधी ती स्वतः, कधी नेजी.

आणि साकुरावर अन्याय झाला तो वेगळाच. बर्फातला तो सीन, लोहदेशातला, ४६९ वा चॅप्टर, ती नारुटोला सांगते की मला आता सासुके नको, तू आवडतोस. तिचा हेतू वाईट नव्हता, गाव सोडून गेलेल्या सासुकेला परत आणायचं जे वचन ह्याने तिला दिलं होतं त्या ओझ्यातून तिला त्याला सोडवायचं होतं. पण नारुटो ऐकून घेतो आणि म्हणतो, स्वतःशी खोटं बोलणारी माणसं मला आवडत नाहीत. लहानपणापासून जे शब्द ऐकायला हा मुलगा आसुसलेला होता ते समोर आले आणि त्याने ते घेतले नाहीत, कारण ते खरे नव्हते. त्या सीननंतर फॅन लोकांनी साकुराला इतक्या शिव्या घातल्या की मला तिची बाजू घ्यावीशी वाटायची. हिनाता चांगली ठरवायला साकुराला वाईट ठरवायची काय गरज आहे? दोघी वेगवेगळ्या माणसांवर प्रेम करत होत्या आणि दोघींनीही ते शेवटपर्यंत सोडलं नाही, ह्या बाबतीत तर दोघी सख्ख्या बहिणी शोभतील.

१० नोव्हेंबर २०१४, सोमवार. ६९९ आणि ७०० हे दोन्ही चॅप्टर एकाच दिवशी आले, शेवटचा रंगीत. मी ऑफिसमध्ये नवीन, मोबाइल टेबलाखाली धरून वाचलं. नारुटो होकागे झालेला, हिनाताशी लग्न झालेलं, मुलगा बोरुटो आणि मुलगी हिमावारी. हिनाता म्हणजे जपानीत ऊन पडतं ती जागा, आणि हिमावारी म्हणजे सूर्यफूल. हे मला त्या दिवशी कळलं आणि मी वॉशरूममध्ये जाऊन रडले. नारुटोच्या त्या पिवळ्या केसांचा रंग, त्याचा तो केशरी ड्रेस, आणि उन्हाच्या नावाची बायको, आणि उन्हाकडे तोंड करणाऱ्या फुलाच्या नावाची पोर.

दादाचा फोन रात्री आला. मला वाटलं चिडलेला असेल. तो म्हणाला, "बघितलंस ना, जिंकलीस." मी म्हटलं दादा ह्यात जिंकायचं काय. आणि मग तो जे बोलला ते मी त्याला विचारून इथे लिहितेय. कॉलेजची चार वर्षं त्याला एक मुलगी आवडायची, तिच्या प्रोजेक्टला रात्र रात्र बसायचा, ती आजारी असताना डबा पोचवायचा, आणि तिला दुसरं कोणीतरी आवडत होतं, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "मला वाटायचं गं, कष्टाचं काहीतरी चीज होत असेल. नारुटोचं झालं असतं तर बरं वाटलं असतं." इतकी वर्षं आम्ही चॅप्टरचे नंबर एकमेकांच्या तोंडावर फेकत होतो आणि हा मुलगा हे पोटात ठेवून होता. आणि मी तरी काय वेगळं करत होते, शाळेत सगळ्यात मागच्या बाकावर बसणारी, उत्तर येत असून हात वर न करणारी मुलगी मी, मला हिनाता जिंकलेली हवी होती, दुसरी कोण जिंकलेली चालणार होती.

त्यानंतर महिन्याभरात, ६ डिसेंबरला जपानमध्ये द लास्ट नावाचा सिनेमा आला, आम्ही तो पुढच्या वर्षी घरी बघितला. जे मांगात राहून गेलं ते तिथे भरून काढलंय. त्यात शाळेतली एक आठवण आहे, उद्या जग संपणार असेल तर शेवटचा दिवस कोणाबरोबर घालवाल, नाव लिहा. बाकी पोरं लिहितात. नारुटोला आईबाप नाहीत, मित्र नाहीत, तो कागदाचं विमान करतो. आणि हिनाताच्या कागदावर त्याचं नाव असतं. तो विमान उडवत असताना त्याच वर्गात त्याचं नाव लिहिलेलं होतं आणि त्याला पुढे कितीतरी वर्षं पत्ताच नव्हता. दादाने तिथे स्पेस बार दाबून पॉज केलं आणि पाणी प्यायला उठला, बराच वेळ आला नाही.

लग्नाआधीचा एक तुकडा मला ह्या सगळ्याहून जवळचा आहे, शिप्पुदेनच्या अगदी शेवटच्या भागात. नारुटो त्याच्या शाळेच्या सरांना, इरुकाला, जाऊन सांगतो की लग्नात माझ्या वडिलांच्या जागी तुम्ही उभे राहा. झोक्यावर ज्याला न्यायला कोणी यायचं नाही तो मुलगा आता स्वतः जाऊन माणूस मागतोय. मागायची हिंमत त्याच्यात आली होती. मलमाची डबी हातात घेऊन मला का म्हणणारा मुलगा तो.

आता दादाची मुलगी नऊ वर्षांची आहे. मागच्या दिवाळीत तिने हिंदी डबमध्ये सुरुवातीपासून लावलं आणि चौथ्या दिवशी चूनिन परीक्षेला पोचली. आम्ही दोघं मागे सोफ्यावर, चिवडा खात, मुद्दाम काही बोलत नव्हतो, तिला तिचं ठरवू दे असं आमचं ठरलेलं. डबीचा सीन आला. तिने पॉज केलं आणि मागे वळून विचारलं, "आत्या, तो असं का म्हणतो, मला का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात दादाच म्हणाला, "त्याला तोपर्यंत कोणी काही दिलंच नव्हतं ना बाळा." मी त्याच्याकडे बघितलं, तो टीव्हीकडेच बघत होता. मग लगेच सावरून बसला आणि म्हणाला, "पण लगेच ठरवू नकोस हां, साकुराचं पुढे खूप आहे, ते पण बघ."